संमती कोणाची?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी माझी एक भाची आमच्याकडे आली. बरोबर नवरा नव्हता. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे सोडून ही मावशीकडे कशी, असा प्रश्न मनात आला. पण सणासुदीला असले प्रश्न विचारू नयेत एवढे मला कळते. चहा झाला, चिवड्याची बशी पुढे सरकवली, आणि मग तिने आपणहूनच विषय काढला. "मावशी, आम्ही दोघांनी ओपन मॅरेज करायचं ठरवलंय."

मी सदाशिव पेठेत वाढलेली बाई. आमच्या लहानपणी 'ओपन' हा शब्द फक्त एअर थिएटरच्या आधी लागत असे. म्हणून मी तिला नीट समजावून सांगायला सांगितले. तिने सांगितले ते असे : नवऱ्याला हिंजवडीच्या कचेरीतली एक सहकारी आवडू लागली. त्याने चोरून काही केले नाही. बायकोपुढे बसून सगळे मोकळेपणाने सांगितले. मग दोघांनी मिळून काही पुस्तके वाचली, नियम ठरवले. कोणापासून काही लपवायचे नाही, मुलापुढे काही येऊ द्यायचे नाही, आणि जी मोकळीक त्याला तीच हिलाही. "फसवणूक नाही, मावशी. सगळं संमतीनं आहे. त्यानं मला विचारलं आणि मी हो म्हटलं."

"आणि नाही म्हटलं असतंस तर?" मी विचारले.

ती बशीतले शेंगदाणे बाजूला काढीत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तसा विचारच केला नाही गं."

ही हकीकत मी तिला विचारून लिहीत आहे, आणि घराच्या खुणा बदलून लिहीत आहे. परंतु ती ऐकताना मला तिच्या घराची आठवण होत नव्हती. मला आठवत होती आमच्या जुन्या वाड्यातली माझी मोठी आजी.

२

मोठी आजी म्हणजे माझ्या आजोबांची पहिली बायको. लग्नाला दहा वर्षे होऊनही तिला मूल झाले नाही. तेव्हा १९२४ साली आजोबांनी दुसरे लग्न केले. त्या दुसऱ्या बायकोचा मुलगा म्हणजे माझे वडील. म्हणजे मी या जगात आहे ती त्या दुसऱ्या लग्नामुळे, हे मी विसरू शकत नाही. आमच्या घरात हे लग्न मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. कारण आजोबांनी मोठीला विचारल्यावाचून पाऊल टाकले नव्हते. इतकेच नव्हे तर मुलगी पाहायला मोठी आजी स्वतः गेली होती, आणि पसंतीही तिनेच दिली होती. आजोबा न्यायी होते. दोघींना लुगडी सारखी, दिवाळीच्या पाडव्याला दोघींच्या तबकांत ओवाळणी सारखी. ओवाळण्याचा पहिला मान मोठीचा.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना एकदा ती वाल सोलत बसली होती, आणि मी पोरवयाच्या धिटाईने तिला विचारले, "तू नाही का म्हणाली नाहीस?" ती हसली. म्हणाली, "मी नाही म्हणणारी असते, तर मला विचारलं असतं का?"

हे उत्तर मला तेव्हा कळले नाही. भाचीने शेंगदाणे बाजूला काढले तेव्हा कळले. मध्ये शंभर वर्षे गेली आहेत. आजी निरक्षर होती, भाची इंजिनिअर आहे. आजीच्या वेळी सवत माप ओलांडून घरात आली, भाचीच्या वेळी ती घराबाहेरच राहणार आहे. आजीला मोकळीक नव्हती, भाचीला कागदोपत्री तरी आहे. हे सर्व फरक मला मान्य आहेत. परंतु 'विचारले होते' या एका वाक्यावर दोन्ही घरे आपापली समजूत घालून बसली, यात मात्र मला काडीचाही फरक दिसत नाही.

आज या विषयावर पुण्यात दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, एका नवऱ्याने एका बायकोशी आणि एका बायकोने एका नवऱ्याशी जन्मभर राहावे ही आमची सनातन संस्कृती आहे, आणि हे नवे खूळ पश्चिमेकडून आले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, एकनिष्ठा हे बंधन आहे, मत्सर ही मालकीची भावना आहे, आणि दोघांची संमती असेल तर तिसऱ्याने बोलण्याचे कारण नाही. माझे भांडण या दोघांशीही आहे.

३

आधी संस्कृतीवाल्यांचा समाचार घेऊ. एकनिष्ठा सनातन आहे म्हणता, ती कोणाची? बायकोची असेल. पुरुषाची मात्र आमच्या वडिलांच्या तरुणपणापर्यंत ऐच्छिक बाब होती. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करण्यास कायद्याने बंदी झाली ती १९४६ साली. त्या कायद्याविरुद्ध लोक हायकोर्टापर्यंत गेले, आणि १९५१ साली न्यायमूर्ती छागला व गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरवला. सर्व देशातल्या हिंदूंना हे बंधन लागू झाले ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. स्त्रीची गोष्ट वेगळी. नवरा हयात असताना दुसरे लग्न करणाऱ्या स्त्रीला सात वर्षांपर्यंत कैद, हे १८६० च्या दंडसंहितेपासून होतेच. म्हणजे ज्या एकपत्नीव्रताचा आम्ही एवढा डांगोरा पिटतो, ते कायद्याच्या वयाने माझ्यापेक्षा फार मोठे नाही.

पुण्याचा इतिहास तरी काय सांगतो? नाना फडणिसांनी नऊ लग्ने केली. त्यांच्या मुत्सद्देगिरीला त्याने काही बाध आला असे कोणी म्हणत नाही. पहिल्या बाजीरावाने मस्तानीला पुण्यात आणले तेव्हा शहर खवळले. परंतु ते कशासाठी? काशीबाई असताना दुसरी स्त्री आणली म्हणून नव्हे. दुसरी आणली तेही कोणाच्या डोळ्यांवर आले नसते. ती परधर्माची मानली गेली म्हणून आले. मस्तानीच्या मुलाला ब्राह्मण होऊ दिले नाही. तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला आणि १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन वारला. या सगळ्या प्रकरणात धर्म आला, जात आली, दौलत आली. काशीबाईंना काय वाटते हे विचारण्याचे कोणाला सुचले असे दिसत नाही.

त्याहून मागे जायचे तर महाभारतापर्यंत जाऊ. आणि ते तर आमच्या पुण्याचेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या आदिपर्वात पंडू कुंतीला श्वेतकेतूची गोष्ट सांगतो. पूर्वी स्त्रिया स्वतंत्र होत्या, आपल्या इच्छेने वागत होत्या, आणि तो अधर्म मानला जात नव्हता. उद्दालकाच्या पत्नीला एका ब्राह्मणाने हाताला धरून नेले, तेव्हा मुलगा श्वेतकेतू संतापला, आणि त्याने मर्यादा घातली की पुढे पत्नीने पतीला सोडून जाऊ नये, आणि पतीनेही पतिव्रतेला सोडून जाऊ नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या ग्रंथात या कथेचा विचार केला, तेव्हा पुष्कळांच्या अंगाचा तिळपापड झाला.

परंतु या कथेतली खरी मेख पुढेच आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पंडू ही गोष्ट कुंतीला कशासाठी सांगतो? एकनिष्ठ राहा, हे शिकवण्यासाठी नव्हे. स्वतःपासून संतती होणे शक्य नाही, म्हणून दुसऱ्या कोणापासून तिने पुत्र मिळवावा, हे पटवण्यासाठी! कुंती नको म्हणत असते. तेव्हा तो श्वेतकेतूच्या मर्यादेचे पुढचे कलम सांगतो : पतीने अपत्यासाठी आज्ञा केली असता जी पत्नी ती पाळणार नाही, तिलाही तेच पाप. झाले! पतीची इच्छा नसताना दुसऱ्याकडे गेलीस तरी पाप, आणि पतीची इच्छा असताना गेली नाहीस तरी पाप. एकनिष्ठा आणि अनेकनिष्ठा, दोन्हींच्या किल्ल्या एकाच जानव्याला बांधलेल्या.

४

आमच्या सुशिक्षित वाचकांना वाटेल की या पुराणातल्या गोष्टी झाल्या. मग आधुनिक कायद्याकडे वळू. भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७, व्यभिचाराचे. या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून किंवा डोळेझाकीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरत असे. पुन्हा वाचा : नवऱ्याच्या संमतीवाचून. नवऱ्याने संमती दिली की गुन्हा नाही. ती स्त्री राजी होती की नव्हती, तिच्या मनात काय होते, याला या कलमात जागा नव्हती. अविवाहितेशी किंवा विधवेशी संबंध ठेवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध त्याच्या बायकोला या कलमाखाली तक्रार करता येत नसे. आज जी तरुण मंडळी 'संमतीने बहुसंबंध' हा नवा विचार म्हणून मांडतात, त्यांना माझे सांगणे आहे की तो १८६० पासून कायद्याच्या पुस्तकात होता; फक्त संमती द्यायची ती नवऱ्याने.

हे कलम घटनेला धरून नाही अशी तक्रार १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. पुण्यात जन्मलेले, नूतन मराठी विद्यालयाचे आणि इथल्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी ते कलम वैध ठरवले. तेहतीस वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केले, आणि त्या पाचांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलाने फिरवला, याचे वर्तमानपत्रांनी कौतुक केले ते योग्यच झाले. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यातही व्यभिचार हा गुन्हा उरला नाही. द्विभार्येचा गुन्हा मात्र राहिला.

'संमती' हा शब्द पुण्यात पहिल्यांदा गाजला तो १८९१ साली. संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय दहावरून बारा झाले. टिळक एका बाजूला, रानडे, भांडारकर, आगरकर दुसऱ्या बाजूला. सभा उधळल्या गेल्या, लेखांचा पाऊस पडला. सरकारने धर्मात हात घालावा की नाही, गर्भाधानाचा काळ कोणता, शास्त्र काय म्हणते, सगळ्याचा खल झाला. ज्या मुलीच्या संमतीच्या वयावरून हे रण माजले, ती मुलगी त्या सभांत नव्हती. संमती हा शब्द आमच्या भाषेत असा आला : जिच्या नावाने तो उच्चारला, ती बाहेर उभी. कलम गेले आणि वय वाढले, पण ही सवय गेली असे मला वाटत नाही.

५

आता नव्या पक्षाकडे वळते. त्यांचे पूर्वज मी नाकारत नाही. ते आमच्याच मातीतले आहेत. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. कामवासना ही भुकेसारखी नैसर्गिक आहे, आणि स्त्रीला ती पुरुषाइतकीच आहे, हे त्यांनी त्या काळात लिहिले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखावरून त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तोही खटला ते हरले. मासिक मात्र बंद पडले नाही. रघुनाथरावांना शिव्या देणाऱ्या पुण्यात आज त्यांच्यावर व्याख्याने होतात. तेव्हा नव्या विचाराला नुसते 'खूळ' म्हणून झटकून टाकण्याची चूक मी करणार नाही.

मानसशास्त्र काय म्हणते तेही मी भाचीनेच दिलेल्या पुस्तकांतून वाचले. अमेरिकेत अविवाहित प्रौढांच्या दोन पाहण्या झाल्या, त्यांत मिळून साडेआठ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतल्या पाचांतल्या एकाहून अधिकांनी, आयुष्यात कधी ना कधी परस्परांच्या संमतीने अनेकांशी संबंध ठेवल्याचे सांगितले. अशा जोडप्यांचे समाधान एकनिष्ठ जोडप्यांच्या समाधानापेक्षा कमी असल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळलेले नाही. आमच्या संस्कृतीवाल्यांनी हे वाचावे. ती माणसे विकृत नाहीत, दुःखीही नाहीत. असे एक जोडपे माझ्याही ओळखीचे आहे. दोघेही कमावते, मूल नाही, दोघांची घरे वेगळी. गेली पाच-सहा वर्षे नीट चालले आहे, आणि त्यांच्याशी बोलताना तुळशीबागेतल्या भावांवरच जास्त बोलणे होते.

परंतु हीच पुस्तके आणखीही काही सांगतात. या अभ्यासांत माणसे आपणहून नाव देतात. ज्यांचे मोडले, जी गप्प बसली, ती त्यांत सहसा येत नाहीत. आणि रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सोळाशेंवर माणसांना विचारून जोडप्यांचे पाच गट पाडले, तेव्हा फार मोलाची गोष्ट दिसली. दोघे एकनिष्ठ असलेली जोडपी बरी होती. दोघांच्या खऱ्या संमतीने मोकळी असलेलीही बरी होती. सर्वांत वाईट अवस्था त्यांची होती, ज्यांच्यात मोकळीक एकतर्फी होती. म्हणजे सुखदुःखाचा निकाल माणसे किती आहेत यावर लागला नाही. दोघांनी खरोखर ठरवले होते की एकाने ठरवून दुसऱ्याने सोसले होते, यावर लागला.

तसेच मत्सराचे. मत्सर म्हणजे केवळ मालकीची भावना, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. जॉन बोल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने लहान मूल आईला का बिलगते याचा अभ्यास केला. १९८७ साली हेझन आणि शेव्हर यांनी दाखवले की मोठ्या माणसांच्या प्रेमातही तोच धागा असतो. ज्या माणसापाशी परत येता येते असा भरवसा असतो, तो माणूस हलला की जीव घाबरा होतो. हे आपल्याला सांगायला परदेशी पंडित कशाला? जत्रेत आईचा पदर हातातून सुटलेले मूल रडते, तेव्हा ते आईवर मालकी सांगत नसते. म्हणून बायको घाबरली की 'तू मागासलेली आहेस, पुस्तक वाच,' असे म्हणणारा नवरा मला पुरोगामी वाटत नाही. पूर्वीचा नवरा तिला 'पतिव्रता ना तू?' म्हणून गप्प करी. हा 'आधुनिक ना तू?' म्हणून करतो.

आणि मोकळीक दोघांना सारखी म्हणता? भाचीला चार वर्षांचा मुलगा आहे. त्याच्यासाठी तिने पूर्ण वेळेची नोकरी सोडून घरून अर्धवेळ काम घेतले. घराचे कर्ज आणि घर, दोन्ही नवऱ्याच्या नावावर. सात वाजता मुलाला भरवायचे, नऊ वाजता झोपवायचे. मोकळीक दोघांना आहे, हे मान्य. संध्याकाळ मात्र एकालाच आहे.

६

तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आले आणि मोठा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेले. लोक भडकले ते नाटकातल्या भाषेवर आणि उघडेपणावर. पण माझ्या मनात राहिली ती सखारामची एक सवय. नवऱ्याने टाकलेली बाई तो घरात आणतो, आणि उंबऱ्यातच तिला आपले नियम ऐकवतो : हे असे असेल, पटले तर राहा, नाही तर दार उघडे आहे. ढोंग नाही, लपवाछपवी नाही, फसवणूक नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळे पारदर्शक. आणि बाई होकार देते. कारण दार उघडे असले तरी दाराबाहेर तिचे काही नसते.

माझ्या भाचीच्या दाराबाहेर काय आहे, ते कायद्यात शोधा. हिंदू विवाह कायद्यात परस्त्रीगमन किंवा परपुरुषगमन हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम २३ सांगते की अर्जदाराने त्या कृत्यात साथ दिली असेल, डोळेझाक केली असेल किंवा ते माफ केले असेल, तर त्या कारणावर दाद मिळणार नाही. म्हणजे आज भिडेखातर दिलेला होकार उद्या कोर्टात तिच्याच विरुद्ध उभा राहील. पुढे, पोटगीचे कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतले १४४. त्यात लिहिले आहे की व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगीचा हक्क नाही. 'नवऱ्याच्या संमतीने राहत असेल तर गोष्ट वेगळी,' असा अपवाद तिथे लिहिलेला नाही. नवऱ्याने बाई ठेवली तर पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येते, हेही खरे. पण तिने स्वतः ती सारखी मोकळीक वापरली, तर ती मोकळीक तिच्या पोटावर येऊ शकते. नियम ठरवताना या गोष्टी त्यांच्या यादीत होत्या का? नव्हत्या. यादीत होते ते मोबाइल कोणी कधी बघायचा, एवढेच.

७

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही शेवटी एकनिष्ठेचीच तरफदारी करीत आहात. माझे स्वतःचे मत विचाराल तर होय, मला एकनिष्ठाच पसंत आहे. त्याचे कारण संस्कृती नव्हे. दोन माणसांना एकमेकांचे दुखणे-खुपणे, रुसणे, म्हातारपण नीट पाहायला एक जन्म पुरत नाही, असा माझा पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे. परंतु माझी पसंती हा कोणासाठी कायदा नव्हे. ज्यांना वेगळे जगायचे आहे त्यांनी जगावे. मी फक्त एवढेच विचारते, आणि दोन्ही पक्षांना विचारते : जिने होकार दिला, तिला नकार देता येत होता का? नकार दिला असता तर तिचे छप्पर, मूल, पैसा आणि मान जागच्या जागी राहिला असता का? आणि आज दिलेला होकार उद्या परत घेता येईल का?

संस्कृतीवाल्यांनो, हे प्रश्न तुमच्या एकनिष्ठ घरांनाही लागू आहेत. ज्या घरात बायको नवऱ्याजवळ राहिली ती केवळ जायला जागा नव्हती म्हणून, तिथल्या एकनिष्ठेची पुण्याई सांगू नका. वडाला सात फेरे मारणाऱ्या किती जणींना आत्ताच्या एका जन्माबद्दल कोणी विचारले होते? आणि तरुण मित्रांनो, तुम्ही तर संमती या शब्दावरच सगळी इमारत उभी केली आहे. तेव्हा तो शब्द वापरताना तुमच्यावर जबाबदारी जास्त. ज्याच्या नावावर घर आहे, ज्याची संध्याकाळ मोकळी आहे, ज्याचे मन आधीच दुसरीकडे गुंतले आहे, त्याने 'तुला चालेल का?' असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. ते कळवणे आहे. आधी घर दोघांच्या नावावर करा, मूल तीन संध्याकाळी तुम्ही सांभाळा, तिची नोकरी तिला परत मिळू द्या, आणि मग विचारा. कदाचित ती तेव्हाही हो म्हणेल. तो होकार मी डोक्यावर घेईन.

पाडव्याच्या त्या संध्याकाळनंतर महिनाभराने भाचीचा फोन आला. तिने नवऱ्याला सांगितले होते, "मी दिलेला होकार परत घेते." कारण विचारल्यावर म्हणाली, "खरं म्हणजे बघायचं होतं, घेता येतो का." नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कचेरीतून सुट्टी घेतली आणि दोघे समुपदेशकाकडे गेले. त्यांचे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. मुलाला झोपवण्याचे काम मात्र सध्या आठवड्यातून तीन दिवस त्याच्याकडे आहे असे ऐकते.

यंदाही पाडवा येईल. घराघरांत पाट मांडले जातील, तबके सजतील, बायका ओवाळतील आणि नवरे ओवाळणी घालतील. पैठणी घाला, अंगठी घाला, ऐपतीप्रमाणे काय ते घाला. पण त्या आधी एकदा तिला विचारून पाहा, तुझ्या मनाविरुद्ध या घरात काय काय चालले आहे. आणि ती 'काही नाही' म्हणाली, तर तेवढ्यावर समाधान मानून उठू नका. थोडा वेळ पाटावर बसून राहा.